दहातली सातवी स्लाइड

चौतीस वर्षांत डॉक्टरांनी जेमतेम वीस-पंचवीस रुग्णांचे चेहरे पाहिले असतील. बाकीचे सगळे त्यांच्याकडे तुकड्या-तुकड्यांनी यायचे. फॉर्मालिनच्या बाटलीत बुडालेले, झाकणाला चिकटपट्टी लावलेले, वर नंबर नि वय लिहिलेले. कुणाच्या मानेतली गाठ, कुणाच्या पोटातला नखाएवढा तुकडा. डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट होते. सर्जनने कापून काढलेलं मांस मेणात बसवायचं, त्याच्या केसाहून पातळ चकत्या काचेवर चढवून रंगवायच्या, आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं की हे साधं आहे की कॅन्सर. गावात त्यांना भिंगवाले डॉक्टर म्हणत. "आमच्या धंद्यात पेशंट हुज्जत घालत नाही," असं ते घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "कारण तो मेणात असतो." हा विनोद त्यांच्या बायकोने इतक्या वेळा ऐकला होता, की पाहुणे हसायच्या आधीच ती कप उचलायला लागायची.

रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून त्यांची तीन खोल्यांची लॅब होती. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर चौकटीत लावलेल्या पदव्या. बायकोने त्या स्वतः पट्टी लावून एका रेषेत टांगल्या होत्या. मधल्या खोलीत मेण वितळवायचं भांडं, चकत्या कापायचं यंत्र आणि नाकात जाऊन बसणारा तो वास. आतल्या खोलीत लोखंडी कपाटं, आणि कपाटांच्या अरुंद खणांत चौतीस वर्षांच्या स्लाइडा, एकीला एक टेकून उभ्या. डॉक्टर शिकताना विद्यापीठात पहिले आले होते, दोन वर्षं एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात काम करून आले होते. रिपोर्टच्या तळाशी त्यांचं नाव, नावापुढे तीन पदव्या, खाली रजिस्ट्रेशनचा नंबर आणि वर एका झटक्यात केलेली सही. रुग्णालयातले सर्जन म्हणायचे, "त्यांची सही बघितली की आम्ही दुसरं काही बघत नाही." डॉक्टरांना ते ऐकून बरं वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

चेहरे पाहिलेल्या त्या वीस-पंचवीस जणांत एक शिवणकाम करणारी बाई होती. चौदा वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दिला, सर्जनने स्तन काढला, मग औषधं झाली, केस गेले, केस आले. वर्ष उलटल्यावर ती सर्जनला म्हणाली, "माझा आजार ज्यांनी ओळखला त्यांना मला बघायचंय." सर्जनने हसत लॅबचा पत्ता दिला. ती आली आणि दारातच हात जोडून उभी राहिली. इतक्या वर्षांत कुणी आभार मानायला म्हणून या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. जाताना तिने त्यांच्या अ‍ॅप्रनची उसवलेली बाही पाहिली. तेव्हापासून ती दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला यायची, नवे शिवलेले दोन अ‍ॅप्रन द्यायची, अर्धा कप चहा घ्यायची आणि जायची. चष्म्यासाठी तिने खिसा मुद्दाम खोल ठेवलेला असायचा.

ती रुग्णालयातही जायची. ज्या बायकांचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल त्यांच्यासाठी कपड्याच्या आतून लावायच्या मऊ गाद्या शिवून न्यायची. आत कापूस आणि वजनाला बारीक मणी. कॉटच्या कडेला बसून सांगायची, "माझ्याकडे बघ. बारा वर्षं झाली. तेरा झाली. चौदा झाली."

या सगळ्याला तडा गेला तो एका फॉर्ममुळे.

डॉक्टरांची भाची त्याच विषयात शिकून दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आली होती. लोकांसमोर सर म्हणायची, आत आली की मामा. लॅबला मानांकन घ्यायचं हा तिचा हट्ट होता. मानांकन नसलेल्या लॅबकडे पुढच्या वर्षापासून रुग्णालय नमुने पाठवणार नव्हतं. डॉक्टर आधी कुरकुरले. "साठी उलटल्यावर मी माझ्या पदव्यांच्या प्रती कुणाला दाखवत बसू?" पण तिने पिच्छा सोडला नाही. पदव्यांच्या साक्षांकित प्रती, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, यंत्रांचे दाखले, सगळं तिने गोळा केलं. शेवटचं कलम असं होतं: दहा वर्षांहून जुन्या कॅन्सरच्या केसेसमधून कुठल्याही दहा काढायच्या आणि मूळ निदान झाकून ठेवून दुसऱ्या तज्ज्ञाने त्या नव्याने वाचायच्या.

भाचीने चिठ्ठ्या टाकून दहा नंबर काढले. स्लाइडा पुसल्या, चार दिवस सवडीने वाचल्या, आणि एका मंगळवारी दुपारी जुनं रजिस्टर घेऊन मामासमोर बसली. ती आपलं निदान वाचायची, डॉक्टर रजिस्टरमधला मजकूर वाचायचे. पहिली जुळली. दुसरी, तिसरी, सहावीपर्यंत सगळ्या जुळल्या. डॉक्टर खुशीत होते.

"सातवी," भाची म्हणाली. "कॅन्सर नाही."

डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये बघितलं आणि हसले. "घसरलीस. बरं झालं, एखादी तरी सापडली. नाहीतर मी तुला शिकवायचं काय? आण इकडे."

"मामा, मी दोनदा बघितलीय."

"तिसऱ्यांदा माझ्याबरोबर बघ."

दोघांना एकाच वेळी बघता येईल असा जोड मायक्रोस्कोप होता. डॉक्टरांनी स्लाइड चढवली, डोळे टेकवले आणि तोंडाने शिकवायला सुरुवात केली. "हे बघ, या ग्रंथी कशा वेड्यावाकड्या शिरल्यायत..." ते थांबले. त्यांनी भिंग बदललं. सगळ्यात कमी ताकदीचं लावलं, मग पुन्हा मोठं, पुन्हा लहान. बाहेर औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते शब्द न् शब्द ऐकू येत होते.

स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी कधी कधी उगाचच वाढतात आणि त्यांच्यामध्ये दाट धागे भरतात. ग्रंथी चेपल्या जातात, ओढल्या जातात. अगदी जवळून बघितलं तर कॅन्सरच वाट फोडत निघालाय असं वाटतं. लांबून बघितलं की कळतं, सगळा पुंजका आपल्या कुंपणात आहे, बाहेर कुणी पडलेलं नाही. निरुपद्रवी प्रकार. पॅथॉलॉजी शिकणाऱ्या प्रत्येकाला या फसगतीबद्दल बजावून सांगितलेलं असतं. डॉक्टर स्वतः दहा वर्षं महाविद्यालयात शिकवायला जायचे तेव्हा मुलांच्या कानीकपाळी ओरडायचे, "आधी लांबून बघा रे! जवळ जायची घाई करू नका!"

त्यांनी डोळे उचलले. "तू बरोबर आहेस," ते म्हणाले.

मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. आतापर्यंत त्यांनी नंबर आणि निदान एवढंच वाचलं होतं. आता बोट ठेवून नाव वाचलं, वय वाचलं. एकोणतीस.

"कोण आहे?" भाचीने विचारलं, आणि मामाची नजर नकळत आपल्याच अंगावरच्या अ‍ॅप्रनकडे गेलेली बघून तिने तोंडावर हात घेतला.

त्या दिवशी डॉक्टर जेवायला घरी गेले नाहीत. आतल्या खोलीत जुनी रजिस्टरं काढून बसले. त्या तारखेला काय घडलं होतं ते त्यांना हवं होतं. घरात कुणी आजारी होतं का? कामाचा ढीग होता का? आपल्याला ताप होता का? कुठलंही निमित्त चाललं असतं. पण तो एक साधा बुधवार होता. अकरा केसेस, त्यातल्या सात अगदी किरकोळ. धंद्यात वीस वर्षं झालेली, म्हणजे नवखेपणाचीही सोय नाही. आणि गंमत म्हणजे त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. एका बाईचं आयुष्य त्या दिवशी उलटंपालटं झालं, आणि आपल्या डोक्यात त्याची रेघही उरलेली नाही.

पंधरा दिवसांनंतरची नोंदही त्यांना सापडली. स्तन काढल्यावर तोही तपासणीला त्यांच्याकडेच आला होता. त्याखाली त्यांच्याच अक्षरात वाक्य होतं: 'गाठीचा अवशेष आढळला नाही. बहुधा पहिल्या तपासणीच्या वेळीच ती पूर्ण निघाली असावी.' त्या 'बहुधा'वर त्यांची नजर खिळून राहिली. तेव्हा पहिली स्लाइड पुन्हा काढून बघितली असती तर स्तन वाचला नसता, पण पुढची औषधं, तो सहा महिन्यांचा छळ, ते सगळं तरी टळलं असतं. कपाट चार पावलांवर होतं.

खात्रीसाठी त्यांनी मेणाचा जुना ठोकळा काढला आणि त्याच्या ताज्या चकत्या करून घेतल्या. निरोगी ग्रंथीभोवती पेशींचा एक बाहेरचा थर असतो. कॅन्सरमध्ये तो नाहीसा होतो. त्या थराला तपकिरी दाखवणारा रंग आता मिळतो, चौदा वर्षांपूर्वी या गावात मिळत नव्हता. तीन दिवसांनी स्लाइड तयार झाली. प्रत्येक ग्रंथीभोवती तपकिरी कडं होतं. कुठेही तुटलेलं नव्हतं.

"आता?" भाचीने विचारलं.

"फॉर्ममध्ये जे आहे ते लिही. दहापैकी नऊ."

"पुढे रकाना आहे मामा. काय कारवाई केली, म्हणून."

डॉक्टर उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागले. हात स्वच्छच होते.

दोन दिवसांनी ते सर्जनकडे गेले. सर्जन निवृत्त झाले होते. घराच्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. सर्जनने पाण्याची झारी खाली ठेवली, आणि म्हणाले, "मी तुझ्या सहीवर कापलं."

"माहीत आहे. म्हणूनच आधी तुझ्याकडे आलो."

"मग ऐक. ती बाई चांगली आहे, हिंडतेय-फिरतेय, चार जणींना धीर देतेय. तू जाऊन तिचं काय भलं करणार? गेलेलं परत देणार आहेस? तुझ्या छातीवरचा धोंडा उचलून तिच्या छातीवर ठेवायचा, आणि मोकळं व्हायचं. याला तू खरेपणा म्हणतोस?"

डॉक्टर रात्रंदिवस स्वतःशी हेच बोलत होते. शब्दही साधारण हेच. जिना उतरताना त्यांना क्षणभर हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणंच त्यांना खुपलं.

बायकोला त्यांनी आठवडाभर काही सांगितलं नव्हतं. पण अन्न तसंच ताटात उरायला लागल्यावर ती समोर बसली. "अहो, एकदाचं बोलून टाका. तुमचं कुणाशी वाजलंय का?" त्यांनी सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सर्जन बोलले त्यात खोटं काही नाही. तिला त्रास होणारच. पण पुढच्या महिन्यात तिची यायची तारीख आहे. ती समोर बसेल. तुम्ही तिच्या हातातून अ‍ॅप्रन घेणार, आणि चहा पिणार? जमेल तुम्हाला?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

"मी येऊ बरोबर?"

"नको," ते म्हणाले. "तू आलीस तर तिला तुझी भीड पडेल."

शिवणवाल्या बाईचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली होती. दोन मशिनं, कापडाच्या चिंध्यांनी भरलेली टोपली, भिंतीवर मापाच्या फिती. दुपारची वेळ होती. ती एका गादीत मणी भरत बसली होती. डॉक्टरांना दारात बघून ती उठली ती मण्यांची वाटी लवंडवूनच.

"अगंबाई! डॉक्टर, तुम्ही? आणि इथं? निरोप पाठवला असता तर मीच आले असते की!" तिने खुर्चीवरचं कापड बाजूला केलं. "खिसा फाटला का? बसा ना."

डॉक्टरांनी घरून निघताना वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. ते म्हणाले, "तुमचा चौदा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चुकला होता. माझ्याकडून."

"म्हणजे? पुन्हा आलाय का?" तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"नाही, नाही. उलट. तो कॅन्सर नव्हताच."

"बरा झाला, हो. ते तर तुमच्यामुळंच..."

"बरा झाला नाही. नव्हताच. गाठ होती, पण साधी होती. मी ती कॅन्सर म्हणून वाचली."

ती हळूच खाली बसली. सांडलेले मणी एक एक करून वाटीत टाकायला लागली. मग वर न बघता तिने विचारलं, "ते औषध? सहा महिने ओकत होते मी. ते?"

"त्याची गरज नव्हती."

"आणि हे?" तिने हात छातीच्या डाव्या बाजूला नेला.

"गरज नव्हती," ते पुन्हा म्हणाले.

"लग्नाला दोन वर्षं झाली होती माझ्या," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं मूल होऊ द्यायचं नाही. आम्ही पाच वर्षं थांबलो. नंतर झालंच नाही. औषधांनी होतं तसं, म्हणाले." तिच्या आवाजात राग नव्हता, हिशोब जुळत नसल्यासारखी ती एक एक आकडा मांडत होती. "धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. घरात हा आजार आहे म्हणून. ती अजून दर सहा महिन्यांनी तपासून घेते, आणि रिपोर्ट येईपर्यंत जेवत नाही."

आतून तिचा नवरा आला. तो गाडी चालवायचा. दुपारची झोप डोळ्यांत होती. डॉक्टरांना बघून तो घाईघाईने शर्टाची बटणं लावायला लागला. ती त्याला म्हणाली, "हे म्हणतात, मला काही झालंच नव्हतं."

तो हसला. मग दोघांचे चेहरे बघून त्याचं हसू मावळलं. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत राहिला, त्याची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली. "चौदा वर्षं ही तुमच्या पाया पडायला येत होती," तो म्हणाला. "आणि तुम्ही पडू दिलंत."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असणं हाच तुमचा धंदा आहे ना?"

बाईने हात वर करून त्याला थांबवलं. "तुम्ही जा आता," ती डॉक्टरांना म्हणाली. तिने असं कधी कुणाला सांगितलं नसावं, कारण सांगताना ती उठून उभी राहिली होती, पाहुण्याला निरोप देताना राहतात तशी.

आठ दिवसांनी ती लॅबमध्ये आली. तिची नेहमीची तारीख अजून लांब होती. पिशवी नव्हती, हात रिकामे होते. भाचीने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. भिंतीवरच्या चौकटी तिने एकेक करून वाचल्या, इतक्या वर्षांत प्रथमच वाचत असल्यासारख्या.

"मला लिहून द्या," ती म्हणाली. "तेव्हा लिहून दिलं होतं तसं. सही, शिक्का, नंबर, आणि त्या सगळ्या डिग्र्या. एकही गाळू नका."

डॉक्टरांनी लिहून दिलं. वर 'सुधारित अहवाल' असं लिहिलं, मूळ तारीख लिहिली, मूळ निदान चुकीचं असल्याचं लिहिलं. खाली सही केली. भाची म्हणाली, "मामा, वकिलाला विचार तरी आधी." त्यांनी तिच्याकडे फक्त पाहिलं, आणि सहीखाली शिक्का मारला.

"आता ती मला दाखवा," बाई म्हणाली. "स्लाइड."

तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आधी तिला आपल्याच पापण्या दिसत होत्या. भाचीने तिला डोळे कसे ठेवायचे ते शिकवलं. मग तिला दिसलं: गुलाबी, जांभळं, मधूनमधून पांढऱ्या फटी. कापड निवडताना बघावं तसं ती निरखून बघत राहिली. "यात वाईट काय दिसलं तुम्हाला?" तिने विचारलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सगळं खरं सांगितलं, घाई केली हेही. ती उठली, कागदाची घडी करून ब्लाउजात ठेवली आणि गेली.

तो कागद तिने वैद्यकीय परिषदेकडे पाठवला. तक्रार तिने स्वतः लिहिली होती, वहीच्या पानावर, चार ओळींत.

सुनावणीला डॉक्टर एकटे गेले. लांब टेबलामागे तिघे बसले होते. त्यातले अध्यक्ष त्यांच्याच विषयातले, वयाने त्यांच्यापेक्षा लहान. त्यांनी कागद चाळले आणि मऊ आवाजात विचारलं, "सर, हा तपकिरी रंग त्या काळी तुमच्याकडे उपलब्ध नव्हता. बरोबर ना?" त्यांना डॉक्टरांसाठी एक दार उघडून द्यायचं होतं, हे स्पष्ट होतं. मागच्या बाकावर बाई आणि तिचा नवरा बसले होते.

"रंग नव्हता," डॉक्टर म्हणाले. "पण लांबून बघायला रंग लागत नाही. मी लांबून बघितलं नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या सदस्यबाई पहिल्यांदाच बोलल्या: "दुसऱ्या वेळी शंका आली नाही? अवशेष सापडला नाही तेव्हा?"

"आली असावी. मी 'बहुधा' लिहिलंय. शंका आल्याशिवाय मी तो शब्द लिहीत नाही."

मागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी वळून बघितलं नाही.

निकाल महिनाभराने आला. रजिस्ट्रेशन एक वर्षासाठी स्थगित. शिवाय त्या काळातल्या पाच वर्षांतल्या त्यांच्या सगळ्या कॅन्सरच्या केसेस बाहेरच्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्यायच्या. सर्जनने फोन करून एवढंच म्हटलं, "सांगितलं होतं मी," आणि ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मानांकनाचं काम भाचीच्या नावावर नव्याने सुरू करावं लागलं.

ते वर्ष डॉक्टरांना खूप लांब गेलं. बाईची सोडून चारशे बारा केसेस होत्या. डॉक्टर रोज लॅबमध्ये यायचे, खण उघडायचे, स्लाइडा काढून पुसायचे, नंबर लावून खोक्यात भरायचे. वाचायची परवानगी त्यांना नव्हती. खोकी गेली की ती परत येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा. प्रत्येक खोक्यात एखादी शिवणवाली असेल, आणि ती कधी दारात येऊन उभीच राहिली नसेल, त्यामुळे ती कोण, कुठे आहे हेच त्यांना ठाऊक नसेल. बायकोने एकदा म्हटलं, "देवाजवळ मागा, सगळं ठीक निघू दे." ते म्हणाले, "आता मागून काय उपयोग? जे आहे ते काचेवर आहे." मग आपण उगाच तोडून बोललो म्हणून तिच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसत उभे राहिले.

चारशे नऊ बरोबर निघाल्या. दोन ठिकाणी बारीक फरक होता, उपचार तेच झाले असते. एका केसचा ठोकळा उंदराने की ओलीने खराब झाला होता आणि स्लाइडचा रंग पार उडाला होता. बाहेरच्या तज्ज्ञाने त्यापुढे लिहिलं होतं: 'सांगता येत नाही.' तो एक पुरुष होता, पंचावन्न वर्षांचा. पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. भाची म्हणाली, "मामा, चारशे नऊ म्हणजे किती चांगलं आहे, कुणालाही विचार." डॉक्टरांनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात तो पंचावन्न वर्षांचा माणूस ठाण मांडून बसला, तो पुढेही उठला नाही.

वर्ष संपल्यावर रजिस्ट्रेशन परत मिळालं. तरी डॉक्टरांनी सही करायला घेतली नाही. ते भाचीच्या शेजारी बसून बघायचे, बोलायचे. सही ती करायची.

शिवणवाल्या बाईबद्दल मधूनमधून कानावर यायचं. काही महिने तिने रुग्णालयात जाणं बंदच केलं होतं. मग पुन्हा जाऊ लागली. गाद्या न्यायची, पण 'माझ्याकडे बघ' म्हणणं तिने सोडलं होतं. आता ती कॉटवरच्या बाईला, आणि ऑपरेशन व्हायचं असेल तिला तर आवर्जून, एकच विचारायची: "तुझा रिपोर्ट दोघांनी बघितलाय का?" रुग्णालयातले डॉक्टर तिच्यावर वैतागायचे. एकाने तिला वॉर्डात यायला बंदी घालायचा घाट घातला. पण बायका तिचं ऐकायच्या आणि स्लाइडा मागून घ्यायच्या.

एक दिवस सकाळी ती लॅबच्या दारात उभी राहिली. बरोबर चाळिशीची एक बाई होती, हातात स्लाइडांची छोटी डबी, रडून डोळे सुजलेले. शिवणवाली थेट भाचीशी बोलली. "हिला परवा ऑपरेशनला बोलावलंय. रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आहे. तुम्ही बघा."

भाचीने डबी घेतली. बराच वेळ बघितलं, आधी लांबून, मग जवळून. "रिपोर्ट बरोबर आहे," ती त्या चाळिशीच्या बाईला हळूच म्हणाली. "पण लवकर सापडलाय." ती बाई खुर्चीत खचली. शिवणवालीने तिचा खांदा धरून ठेवला.

"अजून खात्री वाटत नसेल तर सरांनाही दाखवते," भाची म्हणाली. "म्हणजे या लॅबमधून दोघांचं होईल."

शिवणवालीने त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांकडे बघितलं. नजर कडवट नव्हती, तशी मायेचीही नव्हती. "यांचं नको," ती म्हणाली. "दुसरं कुणाचं तरी सांगा."

भाचीचा चेहरा उतरला. डॉक्टर मात्र उठले. टेबलावरचा कागद पुढे ओढून त्यांनी स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंचं नाव, पत्ता आणि फोन नंबर नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहिला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "सावकाश बघते. दुपारी दोनच्या आत गेलात तर आजच बघेल."

बाईने कागद घेतला, एकदा वाचून बघितला आणि चाळिशीच्या बाईला हाताला धरून पायऱ्या उतरवू लागली.